स्कायरिम: वेअरवुल्फ व्हावं की व्हॅम्पायर लॉर्ड, आणि पर्क कुठे टाकावेत?

स्कायरिम या व्हिडिओ गेमबद्दलचा प्रश्न असा आहे: नॉर्ड वंशाचं कॅरेक्टर, लेव्हल १८, दोन हातांची तलवार आणि हेवी आर्मर. कम्पॅनियन्स या योद्ध्यांच्या गटाच्या क्वेस्टमध्ये (मोहिमेत) आता वेअरवुल्फ, म्हणजे लांडगा-माणूस बनवणारं रक्त प्यायची वेळ आली आहे, दुसरीकडे व्हॅम्पायरांची डॉनगार्ड ही कथाही सुरू झालीय. कुठलं रूप घ्यावं आणि त्यासाठी बिल्ड (कॅरेक्टरच्या कौशल्यांची मांडणी) बदलावा का?

आधी दुसऱ्या भागाचं उत्तर देतो, कारण तिथे बहुतेकांचा गोंधळ होतो. रूपासाठी बिल्ड बदलू नका. लांडग्याचे आणि व्हॅम्पायर लॉर्डचे पर्क, म्हणजे निवडून घ्यायची खास कौशल्यं, वेगळ्या झाडावर असतात, प्रत्येकी ११. ते लेव्हल वाढल्यावर मिळणाऱ्या पर्कमधून जात नाहीत. लांडग्याला ते प्रेतं खाऊन मिळतात, लॉर्डला ड्रेन लाइफ किंवा चाव्याने मारलेल्या शत्रूंमधून. ते झाड फक्त त्या रूपात असतानाच, स्किल मेनू उघडल्यावर दिसतं. माणसाच्या रूपात शोधून सापडत नाही, म्हणून ‘माझ्याकडे हे झाडच नाही’ अशी तक्रार बरेच जण करतात.

रूप बदललं की अंगावरचं सगळं उतरतं. आर्मर, तलवार, एन्चांटमेंट (वस्तूंवरची जादू), सगळंच. इन्व्हेंटरी उघडत नाही, म्हणजे पोशनही पिता येत नाही. टू-हँडेड आणि हेवी आर्मरमध्ये टाकलेले पर्क तेवढ्यापुरते निरुपयोगी. टिकतं ते कपड्यांवर नसून अंगात असलेलं: तुमची मूळ हेल्थ, वंशाचे गुण, स्टँडिंग स्टोन (हात लावल्यावर वरदान देणारे दगड) आणि मॅजिक रेझिस्टन्स देणाऱ्या कायमच्या गोष्टी. त्यामुळे माणूस आणि श्वापद दोघांच्याही कामी येणारी गुंतवणूक हीच.

आकड्यांत सांगायचं तर आर्मरचे चारही भाग घालून रेटिंग ५६७ झालं की प्रत्यक्ष मारातला ८० टक्के अडतो, त्यापुढे वाढवून उपयोग नाही. अशा कॅरेक्टरला प्रत्येक घावाचा पाचवा हिस्साच लागतो. तोच लांडगा झाला की पूर्ण घाव बसतो, म्हणजे त्याच शत्रूकडून पाचपट मार. शिवाय लांडग्याच्या रूपात हेल्थ आपोआप भरत नाही. लेजेंडरी डिफिकल्टीवर शत्रूचा मार तिप्पट होतो आणि तुमचा पावपट. तिथे उत्तम आर्मर असलेल्या योद्ध्याने लांडगा होणं म्हणजे स्वतःला दुबळं करून घेणं. पण तुमच्यासारख्या लेव्हल १८च्या कॅरेक्टरचं आर्मर अजून त्या मर्यादेच्या जवळपासही नसणार. मग लांडग्याच्या १०० जादा हेल्थ आणि १०० जादा स्टॅमिनाचं वजन बरंच पडतं.

म्हणून माझं मत: आत्ता रक्त प्या. कम्पॅनियन्सची मुख्य कथा त्याशिवाय पुढे सरकतच नाही, आणि लेव्हल १५ ते ३० हा लांडग्याचा सर्वांत चांगला काळ आहे. नख्यांचा मार लेव्हलबरोबर वाढतो, पण पंचेचाळिशीनंतर थांबतो. तलवार मात्र स्मिथिंग, एन्चांटिंग आणि पर्कच्या जोरावर वाढत राहते. कधीतरी ती नख्यांना मागे टाकणारच.

लांडगा वापरायचा कसा, हे थोडं तपशिलात सांगतो. रूप १५० सेकंद टिकतं. एक प्रेत खाल्लं की ३० सेकंद वाढतात आणि हेल्थही भरते. हेल्थ भरायचा तुमच्याकडचा हाच एक मार्ग. म्हणून जिथे माणसं भरपूर तिथेच रूप बदला, म्हणजे डाकूंच्या छावण्या, फोर्सवॉर्नचे तळ वगैरे. ड्रॉगरांच्या (चालत्या प्रेतांच्या) थडग्यात किंवा यंत्रांनी भरलेल्या ड्वेमर अवशेषांत सुरुवातीला खायला काहीच मिळत नाही. वेळ ऐन लढाईत संपते आणि माणूस होतानाच्या सेकंदांत तुम्ही उघडे पडता. आर्मर आपोआप अंगावर चढत नाही, हे लक्षात ठेवा. सगळे भाग फेव्हरिट्समध्ये ठेवा, नाहीतर परतल्यावर उघड्या अंगाने मेनू चाळत बसाल.

पर्कमध्ये बीस्टियल स्ट्रेंथ आधी. चार टप्प्यांत नख्यांचा मार २५, ५०, ७५ आणि शेवटी १०० टक्क्यांनी वाढतो. पहिले दोन टप्पे घेतले की अ‍ॅनिमल व्हिगरकडे वळा, त्यात हेल्थ आणि स्टॅमिना आणखी शंभर-शंभर वाढतात. मग गॉर्जिंग, ज्यात खाल्ल्यावर भरणारी हेल्थ दुप्पट होते. सॅव्हेज फीडिंगने माणसांखेरीज बहुतेक मेलेले जीव खाता येतात, पण फायदा निम्माच. गुहांमध्ये वापर जास्त असेल तरच ते लवकर घ्या. आरोळ्यांची बाजू सगळ्यांत शेवटी. हाउल ऑफ टेररने शत्रू पळत सुटतात आणि तुमच्या १५० सेकंदांतले अर्धे त्यांच्या मागे धावण्यात जातात. गर्दीत घेरले गेलात तर सुटकेपुरती ती ठीक.

लेव्हल वाढताना येणारे १० गुण सध्या चारपैकी तीन वेळा हेल्थमध्ये टाका, एकदा स्टॅमिनात. धावत जाऊन मारलेला पॉवर अटॅक हा लांडग्याचा मुख्य घाव, आणि धावणं आणि घाव दोन्ही स्टॅमिना खातात.

मॅजिक रेझिस्टन्सचं गणित असं. मॉर्थलच्या पूर्वेच्या डोंगरातला लॉर्ड स्टोन ५० आर्मर आणि २५ टक्के मॅजिक रेझिस्टन्स देतो. रिफ्टनच्या मारा मंदिरातली प्रेमिकांची क्वेस्ट पुरी केली की १५ टक्के कायमचे, आणि त्यात लढाई जवळजवळ नाही. अल्टरेशन या जादूच्या शाखेतला मॅजिक रेझिस्टन्स पर्क स्किल ३०, ५० आणि ७० ला १०-१० टक्के देतो. नॉर्डचे एकूण ७० होतात. ब्रेटनचे मूळचे २५ धरले तर बेरीज ९५ येते, पण खेळाची मर्यादा ८५ आहे, वरचे वाया. हे सगळं लांडग्याच्या अंगातही राहतं. तुम्ही ऑर्क असता तर बर्सर्कर रेज आधी लावून लगेच रूप बदलायला सांगितलं असतं, कारण ६० सेकंद दुप्पट मार आणि निम्मी इजा ही लांडग्याला मिळणारी सर्वांत मोठी मदत. नॉर्डची बॅटल क्राय त्या मानाने किरकोळ.

लांडगेपणाचे दोन तोटे. झोपल्यावर मिळणारे आराम बोनस, म्हणजे परक्या पलंगावर ५, खानावळीत किंवा स्वतःच्या घरी १० आणि जोडीदारासोबत १५ टक्के जलद शिकणं, हे कायमचे बंद होतात. आणि कुणी तुम्हाला रूप बदलताना पाहिलं तर त्या भागात १,००० सोन्याच्या नाण्यांचा दंड लागतो. वेअरवुल्फची शिकार करणाऱ्या सिल्व्हर हँड टोळीच्या चांदीच्या तलवारी प्रत्येक घावाला २० जादा मार देतात, तेव्हा त्यांच्या अड्ड्यांत शक्यतो माणूस म्हणूनच लढा. उलट १०० टक्के रोगप्रतिकार मिळतो, म्हणजे व्हॅम्पायरशी लढतानाही सँग्विनारे व्हॅम्पिरिस हा व्हॅम्पायर करणारा रोग लागत नाही.

दिवसातून एकच रूपांतर पुरत नसेल तर फॉल्क्रीथच्या तुरुंगातल्या सिंडिंगकडून रिंग ऑफ हर्सीन ही अंगठी मिळवा. सुरुवातीला ती शापित असते. बोटातून निघत नाही आणि लांडगा असलेल्याला केव्हाही रूप बदलायला लावते. त्यामुळे क्वेस्ट संपेपर्यंत शहरात पाऊल टाकू नका. शेवटी सिंडिंगला वाचवून शिकाऱ्यांना मारलंत तर शाप निघतो आणि हवं तितक्या वेळा रूप घेता येतं. सिंडिंगला मारलंत तर अंगठीऐवजी सेव्हियर्स हाइड हे चिलखत मिळतं, जे लांडगा होताच उतरणार. तुमच्यासाठी अंगठीच बरी.

आता व्हॅम्पायरकडे. इथे मात्र लोक चुकीच्या गोष्टीवर भाळतात. पंखांचं रूप देखणं आहे, वेळेची मर्यादा नाही, हवेत तरंगत ड्रेन लाइफने लांबून रक्त ओढता येतं आणि जमिनीवर उतरून नख्यांनीही लढता येतं. पण दोन हातांच्या तलवारीच्या योद्ध्याला खरी कमाई त्या रूपात नसते. ती साध्या व्हॅम्पायरपणात आणि रिस्टोरेशन या बरं करण्याच्या जादूतल्या नेक्रोमेज या एका पर्कमध्ये असते.

नेक्रोमेज तुमच्या जादूचा मृतांवरचा परिणाम २५ टक्क्यांनी आणि अवधी ५० टक्क्यांनी वाढवतो. व्हॅम्पायर झालात की खेळ तुम्हालाच मृतांत मोजतो. मग तुम्ही स्वतःवर टाकलेली जादू, अंगावरची एन्चांटमेंट, स्टँडिंग स्टोन, बरेच पर्क, सगळं सव्वापट होतं. ४० टक्के टू-हँडेडचं एन्चांटमेंट ५० होतं. एबनीफ्लेश या संरक्षक जादूचे १०० पॉइंट ६० सेकंदांऐवजी १२५ पॉइंट ९० सेकंद टिकतात. लॉर्ड स्टोनचे २५ टक्के ३१ होतात.

यात क्रम चुकला की अर्धा फायदा जातो. आधी व्हॅम्पायर व्हा. मग रिस्टोरेशन ७० ला न्या आणि नॉव्हिस रिस्टोरेशन, रीजनरेशन, नेक्रोमेज असे तीन पर्क घ्या. अल्टरेशनचे मॅजिक रेझिस्टन्ससारखे पर्क त्यानंतर, कारण आधी घेतलेल्यांचा आकडा जुनाच राहतो. व्हॅम्पायरकडे जायचं पक्कं असेल तर ते तीन टप्पे तोवर अडवून ठेवा, वर सांगितलेला लॉर्ड स्टोन आणि मारा मात्र आत्ताच घ्या. नेक्रोमेज मिळाल्यावर दुसऱ्या कुठल्यातरी दगडाला हात लावून पुन्हा लॉर्ड स्टोनकडे या, आणि एन्चांट केलेली प्रत्येक वस्तू काढून परत घाला. ‘नेक्रोमेज चालतच नाही’ म्हणणाऱ्यांनी बहुधा ही शेवटची पायरी सोडलेली असते.

रिस्टोरेशन सत्तरला न्यायचं योद्ध्याला कंटाळवाणं वाटतं. लॅबिरिंथियनमध्ये इक्विलिब्रियमचं पुस्तक मिळतं. ही जादू हेल्थ देऊन मॅजिका भरते. एका हातात ती, दुसऱ्यात हीलिंग, असं धरून बसा. स्वतःला इजा, स्वतःच इलाज, आणि स्किल चढत राहतं. हेल्थ काठावर आली की इक्विलिब्रियमचं बटण सोडायला विसरू नका, ही जादू तुम्हाला खरोखर मारू शकते.

किंमतही आहे. शेवटचं रक्त पिऊन दिवस उलटत गेले तसे टप्पे चढतात आणि सकाळी ५ ते संध्याकाळी ७ उन्हात हेल्थ, मॅजिका, स्टॅमिना टप्प्यानुसार १५, ३०, ४५ किंवा ६० ने घटतात. शिवाय उन्हात त्या भरतही नाहीत. व्हॅम्पायर लॉर्डलाही हेच लागू, म्हणून दिवसाढवळ्या उघड्यावर ते रूप घेऊ नका. मॅजिका एकदा संपली की ड्रेन लाइफ बंद आणि तुम्ही नुसते तरंगत राहता. गुहेत, घरात ऊन लागत नाही. फास्ट ट्रॅव्हलमध्येही वेळ जातो, तेव्हा लांबच्या प्रवासानंतर टप्पा तपासा. झोपलेल्या माणसाचं रक्त प्यायलात की पुन्हा पहिला टप्पा.

दुसरी खोट आगीची. व्हॅम्पायरला आग जास्त लागते आणि टप्प्यागणिक वाढत जाते, तर थंडीचा त्रास कमी होतो. नॉर्डची मूळची ५० टक्के थंडीची सहनशक्ती इथे जवळपास वाया जाते. एका अंगठीवर किंवा ढालीवर आगीचं रेझिस्टन्स हवंच. तुम्ही ढाल वापरत नाही, म्हणजे अंगठी, गळ्यातलं किंवा बूट यांतली एक जागा त्यासाठी राखून ठेवा. नव्याने खेळणाऱ्याने हा बिल्ड डार्क एल्फवर करावा, त्यांची ५० टक्के आगीची सहनशक्ती अगदी नेमकी कामी येते.

लांडगा असताना व्हॅम्पायरांचा प्रमुख हार्कन याने देऊ केलेलं व्हॅम्पायरपण स्वीकारलंत तर लांडगेपण जातं, दोन्ही एकत्र राहत नाहीत. हार्कनला नकार देऊन डॉनगार्ड या व्हॅम्पायर-शिकाऱ्यांच्या बाजूने गेलात तरी दार बंद होत नाही. सोल केर्न या आत्म्यांच्या जगात जायच्या वेळी सोबतची व्हॅम्पायर सेराना तुम्हाला व्हॅम्पायर करू शकते. फक्त डॉनगार्डचा प्रमुख इस्रान मग तुम्हाला बरं होऊन यायला सांगतो. लांडगेपण पुन्हा हवं झालं तर कम्पॅनियन्समधली एला ते एकदा परत देते, दुसऱ्यांदा नाही.

म्हणून तुमचा क्रम मी असा ठेवेन: कम्पॅनियन्स संपेपर्यंत लांडगा, त्या दरम्यान रिस्टोरेशन हळूहळू वर, आणि आर्मर ४०० च्या पुढे गेल्यावर सेरानाकडून व्हॅम्पायर. प्रत्येक बदलाआधी वेगळा सेव्ह ठेवा, ऑटोसेव्हवर विसंबू नका.

व्हॅम्पायरपणा नकोसा झाला तर कुठल्याही खानावळवाल्याला अफवा विचारा, तो मॉर्थलच्या फालियनचं नाव सांगेल. भरलेला ब्लॅक सोल जेम (आत्मा साठवणारा काळा खडा) लागतो. रिकामा फालियनकडेच मिळतो, पण त्यात माणसाचाच आत्मा हवा. सोल ट्रॅप ही आत्मा पकडणारी जादू टाकून एखाद्या डाकूला मारलंत की काम होतं. पहाटे दलदलीतल्या दगडांच्या वर्तुळापाशी तो विधी करतो. तिथे नुकतंच रक्त पिऊन जा, म्हणजे विधीला उशीर होऊन सूर्य वर आला तरी तोटा कमीत कमी होईल.