आवाहन, आव्हान आणि वीझोव

प्रश्न असा आला आहे: ‘सोव्हिएत ज्यूंच्या स्थलांतरावरच्या एका मराठी लेखात “अर्जाला इस्रायलहून आलेलं आव्हान जोडावं लागे” असं वाचलं. इथे “आवाहन” हवं ना? की सरळ “निमंत्रण”?’

‘रक्तदानाचे आव्हान’, ‘शांतता राखण्याचे आव्हान’ असले फलक वाचून माझा संताप होतो, आणि ते रोज कुठे ना कुठे दिसतातच. भाद्रपदात आपण गौरी आवाहन करतो, गौरीला आव्हान देत नाही. एवढं घराघरात ठाऊक असून फलक रंगवताना कसं विसरतं? तरीही या वाक्यातल्या ‘आव्हाना’वर मी रागावणार नाही. लेखकाकडून तो चुकून पडला असेल, पण पडला आहे अगदी नेमक्या जागी.

‘आवाहन’ आला ‘वह्’ धातूपासून: वाहून जवळ आणणं. ‘आव्हान’ मूळचा ‘आह्वान’, ‘ह्वे’ म्हणजे हाक मारणं यापासून. जिह्वेची जिव्हा झाली तसा इथेही ह आणि व यांनी जागा बदलल्या. संस्कृतात आह्वान म्हणजे आधी बोलावणं, मग युद्धाला बोलावणं. मराठीने दुसरा अर्थ ठेवला, पहिला टाकला.

आता मॉस्कोला चला. त्या अर्जाला जो कागद जोडावा लागे त्याचं रशियन नाव ‘वीझोव’. ‘वी’ म्हणजे बाहेर, ‘झोव’ म्हणजे हाक. हा ‘झोव’ आपल्या ‘ह्वे’चा सख्खा भाऊ आहे. संस्कृतातल्या ह च्या जागी स्लाव्ह भाषांत झ येतो: हिम तिथे ‘झिमा’ (हिवाळा), हिरण्याचा भाऊबंद ‘झोलोतो’ (सोनं). ‘वी’ हाही आपला संस्कृत उपसर्ग ‘उद्’च. आणि रशियनमध्ये ‘वीझोव’चे अर्थ दोन: बोलावणं आणि आव्हान! त्याहून मौज पुढे आहे. ‘वह्’चा रशियन भाऊ ‘वेझ’, त्यावरून ‘वीवोझ’ म्हणजे बाहेर वाहून नेणं, निर्यात. वीझोव आणि वीवोझ. व आणि झ यांची अदलाबदल, की धातूच बदलतो. आव्हान-आवाहनाची आपली जोडी तिथे जशीच्या तशी उभी आहे, आणि दोन्हीकडचे धातूही तेच. हे पहिल्यांदा ध्यानात आलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

याला ‘निव्वळ ध्वनिसाम्य’ म्हणणाऱ्यांनी आधी झ आणि ह यांचा नियम खोडून दाखवावा. ‘होता’ म्हणजे यज्ञातला एक ऋत्विज; या वैदिक शब्दातही निरुक्तकार यास्काला हाच ‘ह्वे’ दिसतो. और्णवाभ हा जुना व्युत्पत्तिकार मात्र तो ‘जुहोति’वरून, म्हणजे आहुती देण्यावरून काढतो. आजचे बहुतेक पंडित और्णवाभाच्या मागे जातात. जाऊ देत. ऋत्विज देवांना हाक मारतो हे ज्याला ऐकू येत नाही, त्याच्याशी मी वाद घालत नाही.

तर वीझोव. सोव्हिएत राज्यात देश सोडायचा हक्क असा नव्हताच. कुटुंब एकत्र येण्यापुरती सवलत होती. म्हणून इस्रायलमधल्या नातेवाइकाचं रीतसर बोलावणं लागे, ते देश सोडण्याची परवानगी देणाऱ्या ‘ओवीर’ या कचेरीत द्यावं लागे. ही बोलावणी जमवण्यामागे इस्रायल सरकारची ‘नतीव’ ही संस्था होती. हिब्रूत नतीव म्हणजे वाट. 1950 च्या दशकाच्या आरंभी ती उभी राहिली आणि तिचं नाव कितीतरी वर्षं उघड घेतलं जात नव्हतं. तिची माणसं मॉस्कोच्या वकिलातीत साधे अधिकारी म्हणून वावरत, सिनेगॉगमध्ये कुणाच्या हाती प्रार्थनेचं पुस्तक, कुणाच्या हाती छोटं पंचांग सरकवत. 1967 च्या युद्धानंतर रशियाने संबंध तोडले, तेव्हा इस्रायलचं काम मॉस्कोतल्या डच वकिलातीने पाहिलं. परवानगी मिळालेल्यांना व्हिसा तिथे मिळे, आणि पुढे व्हिएन्नाची गाडी. वीझोव धाडणारे मामा-मावशी अनेकदा कागदावरचेच असत.

आणि तो कागद ओवीरच्या टेबलावर ठेवणं म्हणजे काय होतं? अर्जासाठी कामाच्या ठिकाणचा शेरा मागायला गेलं की सगळ्यांना कळे. नोकरी जाई, मग बेकार म्हणून ‘परजीवी’ ठरवून खटला भरण्याची भीती. बोलावणं हाती घेणाऱ्याने सत्तेला आव्हानच दिलेलं असे. 1979 मध्ये 51,000 हून अधिक ज्यू बाहेर पडू शकले, 1984 मध्ये हजारही नाहीत. हाक तीच, दार मात्र राज्यकर्त्यांच्या मर्जीवर. ‘निमंत्रण’ हा लग्नपत्रिकेतला शब्द इथे लावणं मला सहन होत नाही. कोकणातले बेने इस्रायल 1948 नंतर मुंबईहून उघडपणे गेले, त्यांच्याबाबत तो एक वेळ चालेल.

‘आवाहन’ तर नकोच. गौरीचं सोडलं तर ते सगळ्यांना उद्देशून असतं, आणि वीझोववर एकेका माणसाचं नाव असे. लेखात मूळ ‘वीझोव’ हाच शब्द ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तिथे शेजारी ‘बोलावणं’ लिहावं.