मालदीवचं ‘सगळं धरून’ पॅकेज : रात्री नाही, तास मोजा

खारघरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा : नवरा-बायको, सहा वर्षांचा मुलगा आणि सत्तरीचे आई-बाबा. आई शाकाहारी, अंडंही चालत नाही. बाबांचे गुडघे दुखतात आणि दोघांनाही पोहता येत नाही. एजंटने मे महिन्यासाठी मालदीवचं चार रात्री-पाच दिवसांचं ऑल-इन्क्लुझिव्ह पॅकेज दिलंय, सीप्लेन आणि पाण्यावरच्या व्हिलासकट. पैसे भरायला आठवडा उरलाय. घ्यावं का, काय काय बिघडू शकतं, आणि आई-बाबा पाण्यात उतरणारच नसतील तर त्यांच्यावरचा खर्च वाया जाईल का?

मी ठाण्याची, पाचपाखाडीला राहते. सासू-सासरे, नवरा आणि मुलगी अशा पाच जणांनी आम्ही दोनदा मालदीव केलं, एप्रिल २०२३ मध्ये आणि नंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये. पहिल्या वेळी जे जे चुकलं ते दुसऱ्या वेळी दुरुस्त केलं, त्यामुळे हे उत्तर लांबणार आहे.

सरळ सांगायचं तर मालदीवला जरूर जा, पण हे पॅकेज जसंच्या तसं घेऊ नका. महिना बदला, सीप्लेनऐवजी स्पीडबोटीचं रिसॉर्ट घ्या आणि पाण्यावरच्या व्हिलाऐवजी किनाऱ्यावरचा घ्या.

आधी आमचं काय झालं ते सांगते. आमच्याही कागदावर ‘चार रात्री-पाच दिवस’ असंच होतं. मी त्यातल्या रात्री मोजल्या, तास मोजले नाहीत. मुंबईहून सकाळी ११.१० चं विमान. मालदीवची राजधानी माले, तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे, म्हणून तिथल्या वेळेने दुपारी १.४० ला उतरायचं होतं. विमान अडीच तास उशिरा सुटलं. ४.१० ला उतरलो, इमिग्रेशन आणि सामान होईपर्यंत पाच वाजून गेले. सीप्लेनच्या काउंटरवर गेल्यावर कळलं की आजचं शेवटचं गेलं. ही विमानं पाण्यावर उतरतात आणि फक्त दिवसाच्या उजेडात उडतात. अंधार पडायच्या आत पायलटला पोचून परतायचं असतं, त्यामुळे दुपार कलली की त्यांचं वेळापत्रक संपत येतं. तिथे कितीही विनवण्या केल्या तरी उपयोग नसतो आणि नसावाच.

रात्र विमानतळाजवळच्या हुलहुमाले बेटावरच्या एका लॉजमध्ये काढली. विमानतळावरून तिथे रस्त्याने जाता येतं, एवढं एक बरं होतं. तिथलं भाडं, टॅक्सी, जेवण सगळं आमच्या खिशातून. रिसॉर्टवरची रिकामी राहिलेली खोली मात्र आमच्याच नावावर चढली होती, कारण उशीर त्यांच्यामुळे झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बेटावर पाय ठेवला. परतीच्या दिवशी दुपारी बाराला चेक-आउट. कागदाप्रमाणे आम्हाला ९३ तास मिळायचे होते, हातात आले ७४. सासूबाई रात्रभर लॉजच्या खुर्चीत बसून होत्या, त्यांना नवीन जागी लवकर झोप लागत नाही. मला अजूनही वाईट वाटतं ते पैशांपेक्षा त्या रात्रीचं.

म्हणून तुमच्यासाठी स्पीडबोट. विमानतळाजवळच्या उत्तर आणि दक्षिण माले अटॉलमधली (अटॉल म्हणजे प्रवाळबेटांचं कडं) कित्येक रिसॉर्टं बोटीने वीस मिनिटं ते तासाभरात गाठता येतात आणि बहुतेकांच्या बोटी रात्रीही चालतात. विमान लेट झालं तर फार तर रात्रीचं जेवण चुकेल. शिवाय सीप्लेनमध्ये मोठं सामान माणशी २० किलो आणि हातातलं ५ किलो, त्यापुढे प्रत्येक किलोला पैसे. चकल्या-चिवड्याचे डबे घेतले की हा आकडा कधी ओलांडतो कळत नाही. आतला आवाजही मोठा, पायऱ्या अरुंद आणि हलत्या धक्क्यावरून चढायचं. बाबांचे गुडघे बघता हे टाळाच. बोटीत चढताना मात्र खलाशाचा हात धरा, लाज बाळगू नका, आणि बोट लागत असेल तर अर्धा तास आधी डॉक्टरांनी सांगितलेली गोळी द्या.

आता महिना. ‘मान्सून मालदीव-कोमोरिन भागात दाखल’ ही बातमी आपण दर मे महिन्यात ऐकतो. केरळात तो साधारण १ जूनला आणि मुंबईत ११ जूनला येतो, म्हणजे आपण इथे वळवाची वाट बघत असतो तेव्हा तिथे नैर्ऋत्येचे वारे सुरू झालेले असतात. पाऊस दिवसभर कोसळतो असं नाही. पण समुद्र खवळतो, पाणी गढूळतं, बोट आपटत जाते आणि स्नॉर्केलिंगच्या, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत मासे बघण्याच्या, वेळा रद्द होतात. मे महिन्यात पॅकेज स्वस्त मिळतं ते यासाठीच. डिसेंबर ते एप्रिल हा कोरडा काळ. ख्रिसमसच्या आसपास दर फार चढतात, म्हणून मी फेब्रुवारी सुचवेन. पहिलीतल्या मुलाची चार दिवस शाळा बुडाली तरी काही बिघडत नाही.

कोरड्या दिवसांतलं ऊन मात्र हलक्यात घेऊ नका. आमचा दुसरा मोठा फटका इथे बसला. ठाण्यात शून्य सावली दिवस मेच्या मध्यावर येतो, तो अनुभव तुम्हाला असेल. माले विषुववृत्तापासून जेमतेम चार अंश उत्तरेला आहे, तिथे सूर्य मार्चअखेर-एप्रिलच्या सुरुवातीलाच बरोबर डोक्यावर येतो. आम्ही नेमके त्याच आठवड्यात गेलो होतो. नवरा भर दुपारी पाऊण तास पाण्यावर पालथा तरंगत मासे बघत राहिला. पाणी गार लागतं, अंग भाजतंय हे कळतच नाही. संध्याकाळी पाठ, मान आणि गुडघ्यामागची कातडी लालभडक झाली, रात्री ताप आला. रिसॉर्टवर डॉक्टर होते, त्यांनी नीट बघितलं, पण तपासणी आणि औषधं ‘सगळं धरून’मध्ये धरलेली नव्हती. उरलेले दोन दिवस तो खोलीत पालथा पडून होता.

म्हणून लांब बाह्यांचे पोहण्याचे टी-शर्ट आणि पायभर विजारी सगळ्यांसाठी इथूनच घ्या, मुलासाठी तर दोन. अकरा ते साडेतीन पाण्याबाहेर राहायचं. सनस्क्रीन तिथल्या दुकानात भयंकर महाग असतं. प्रवासाचा विमा काढताना त्यात उपचाराचा खर्च आणि प्रवासातला उशीर दोन्ही आहे का ते वाचा. उशीर झालाच तर विमान कंपनीकडून तसं पत्र आणि हॉटेलची पावती तिथल्या तिथे घ्या. आम्ही पत्र घेतलं नाही आणि नंतर ते मिळवताना नाकी नऊ आले.

पाण्यावरचा व्हिला फोटोत सुंदर दिसतो, मीही त्यालाच भुलले होते. पण बहुतेक ठिकाणी लाकडी ओट्याला कठडा नसतो आणि जिना सरळ समुद्रात उतरतो. सहा वर्षांचं पोर घेऊन तिथे एक क्षण डोळा लागणार नाही. कित्येक रिसॉर्टं लहान मुलांना तिथे ठेवतच नाहीत. शिवाय त्या लांबलचक लाकडी पुलावरून जेवायला जाऊन येताना बाबा थकतील. किनाऱ्यावरच्या व्हिलातून चार पावलांवर वाळू आणि उथळ पाणी असतं. मुलाला गुडघाभर पाण्यातही लाइफ जॅकेट घाला आणि प्रवाळाच्या कडेपाशी नेऊ नका, तिथे तळ अचानक खोल जातो. प्रत्येक किनाऱ्यावर जीवरक्षक असतोच असं नाही. प्रवाळ आणि काटेरी सी-अर्चिन पायाला लागू नयेत म्हणून रबरी बूटही हवेत.

आईंच्या जेवणाची काळजी करू नका, मात्र तयारी आठवडाभर आधी करावी लागते. मालदीवच्या स्वयंपाकात ट्यूना आपल्या मिठासारखा असतो. नाश्त्याच्या मस हुनीत तो खोबरं-कांद्याबरोबर दिसतो तरी, पण भाजीच्या रश्श्यात सुक्या माशाचा तुकडा दिसत नाही. सासूबाई सोमवार-गुरुवार पाळतात. पहिल्याच वारी त्यांच्या ताटात तो निघाला आणि त्या दिवशी त्या फळांवर राहिल्या. दुसऱ्या वेळी मी रिसॉर्टला ईमेलवर ‘मासा, मटण, अंडं, माशाचा अर्क यांतलं काहीही नको’ असं शब्दशः लिहिलं आणि पोचल्यावर मुख्य आचाऱ्याला जाऊन भेटले. तो केरळचा निघाला. त्याने रोज वरण-भात आणि एक भाजी वेगळ्या भांड्यात करून दिली. नुसतं ‘व्हेज’ म्हणून सोडून देऊ नका, काय चालत नाही त्याची यादी द्या.

आईंना रोजची पूजा असेल तर आणखी एक गोष्ट. पूजेच्या मूर्ती मालदीवमध्ये न्यायला परवानगी नाही. सासूबाईंचा बाळकृष्ण आम्ही शेजारच्या काकूंकडे ठेवला होता, त्यांनी रोज फूल वाहिलं. हे आईंना आधीच सांगा, विमानतळावर सांगायची वेळ येऊ देऊ नका. दारूही नेता येत नाही. ड्यूटी-फ्रीची बाटली मालेला काढून घेतात आणि परत जाताना पावती दाखवून मिळते.

आता ‘सगळं’ या शब्दाकडे येते. चेक-आउट बाराला झालं, परतीचं सीप्लेन तीनला होतं. मधल्या तीन तासांत पाचही जणांना भूक लागली. आम्ही सवयीने त्याच बुफेत बसलो आणि बिल आलं २१० डॉलर. त्यावर १० टक्के सेवाशुल्क, त्यावर तेव्हाचा १६ टक्के कर, मिळून २६८. पॅकेज बारालाच संपलं होतं. कोणी फसवलं नव्हतं, कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. तो कर जुलै २०२५ पासून १७ टक्के झालाय. रिसॉर्टच्या दरापुढे दोन अधिक चिन्हं दिसली तर सेवाशुल्क आणि कर वेगळे आहेत असं समजा. शिवाय तिथे हरित कर आहे : रिसॉर्टला १ जानेवारी २०२५ पासून माणशी रोज १२ डॉलर, फक्त दोन वर्षांखालच्या मुलांना माफ. तुम्ही पाच जण, चार रात्री, म्हणजे २४० डॉलर. हे पॅकेजमध्ये धरलेत का, ते एजंटला आजच विचारा. तो ‘हो ताई, सगळं आहे’ म्हणाला तर तेच लिहून मागा. पहिल्या दिवशी कोणत्या जेवणापासून सुरू, शेवटच्या दिवशी किती वाजेपर्यंत, चेक-आउटनंतर अंघोळीला आणि बसायला जागा मिळेल का, येण्याजाण्याची बोट धरलीय का, स्नॉर्केलिंगचं साहित्य फुकट का, खोलीतल्या फ्रिजमधलं काय चालतं, हेही लेखी हवं. एजंट टीसीएस, म्हणजे परदेशी सहलीच्या पॅकेजवर आधीच घेतला जाणारा आयकर, कापेल. तो खर्च नाही, तुमच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. फक्त ज्याचं पॅन द्याल त्यानेच विवरणपत्र भरायला हवं.

किरकोळ गोष्टी पटकन सांगते. भारतीयांना पर्यटनासाठीचा व्हिसा पोचल्यावर फुकट मिळतो, पण इमुगा नावाचा सरकारी फॉर्म जाताना आणि येताना, दोन्ही वेळा प्रवासाआधीच्या ९६ तासांत भरावा लागतो. तोही फुकट आहे, पैसे मागणारी संकेतस्थळं बंद करा. प्लग तीन चौकोनी पिनांचे असतात. नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत ठेवा. शिंपले, प्रवाळ, वाळू काहीही आणू नका, बंदी आहे. मुलीच्या खिशातून मी मूठभर काढून परत किनाऱ्यावर ठेवायला लावले, ती रडली, पण विमानतळावर ते सापडणं जास्त वाईट. आणि तिकिटावर विमानतळ कोणता ते नीट बघा, उलव्याचा नवी मुंबई विमानतळही डिसेंबर २०२५ पासून सुरू आहे. मुंबई विमानतळाचं टी-२ टर्मिनल असेल तर खारघरहून वाशी खाडीपूल आणि चेंबूरमार्गे सकाळच्या गर्दीत दोन तास हाताशी ठेवा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, आई-बाबा पाण्यात उतरणार नसतील तर खर्च वाया का. माझ्या सासूबाई हर्णैच्या. लहानपण समुद्राकाठी गेलं, पण मुलींनी पाण्यात जायचं नाही असा घरचा दंडक. पुढे लग्न होऊन ठाण्यात आल्या, तलावपाळीला फेरी मारणं एवढाच पाण्याशी संबंध. फेब्रुवारीतल्या सहलीत त्या रोज पहाटे उठून व्हिलासमोरच्या वाळूत बसायच्या. तिसऱ्या दिवशी सफाईला आलेल्या मुलाने काय ओळखलं कोण जाणे, त्याने प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि घोटाभर पाण्यात नेऊन ठेवली. सासूबाईंनी साडी जरा वर खोचली आणि जाऊन बसल्या. लाट पायावरून जायची, पायाखालची वाळू सरकायची, की त्या खुर्चीचे हात घट्ट धरायच्या आणि हसायच्या. मी त्यांना तसं हसताना आधी पाहिलं नव्हतं. नाश्त्याची वेळ संपत आली म्हणून बोलवायला गेले, तर म्हणाल्या, ‘तुम्ही खाऊन या, मी आहे इथे.’ त्या दहा वाजेपर्यंत तिथेच होत्या. सासऱ्यांना चांगलं पोहता येतं, पण तेही त्या दिवशी पोहायला गेले नाहीत. डोक्यावर टॉवेल घेऊन वाळूत त्यांच्याजवळ बसून राहिले.