आसाम, दार्जिलिंग, निलगिरी: चहाची चव ओळखायची आणि सांगायची कशी?

पुण्यात आपली जीभ अमृततुल्यच्या आलं-वेलदोड्यावर घडलेली, म्हणून आधी दूध-साखर बाजूला ठेवा. 100 मिलि उकळत्या पाण्याला 2 ग्रॅम पत्ती, झाकून 6 मिनिटं. चव तपासण्याचं हे ठरलेलं प्रमाण आहे, त्यामुळे चहा जरा कडूच लागेल. मग चमच्याने जोरात भुरका मारा. हवेबरोबर वास घशामागून नाकात जातो आणि खरी ओळख तिथेच पटते.

आसाम दाट, तांबूस, भाजलेल्या धान्यासारखा खमंग. दार्जिलिंगची मार्च-एप्रिलची पहिली तोड फिकी, फुलांच्या वासाची. मे-जूनची मला जास्त आवडते, तिच्यात पिकल्या द्राक्षाची झाक असते. निलगिरी हलका, सुगंधी.

वर्णनात तुरटपणा किती वेळ रेंगाळतो तेही जरूर लिहा.