रॉड टाकलाय, मग पाय टेकायचा का नाही?

प्रश्न : डॉक्टर, माझा धाकटा भाऊ गंगावेशीत तालमीला जातो. दोन महिन्यांमागं गाडी घसरली, नडगीचं हाड मोडलं, आत रॉड टाकलाय. सर्जन म्हणतात वॉकर घेऊन थोडं थोडं वजन टाक, आई म्हणते पाय टेकायचाच नाही, हाड हलंल. त्यात त्याचा एक मित्र म्हणतोय अल्ट्रासाऊंडचं मशीन भाड्यानं आण, रोज 20 मिनिटं लावलं की पटकन जुळतंय. काय करू?
– एक ताई, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : ताई, सर्जनचं ऐका. आईंची भीती खोटी नाही, पण सगळं हलणं सारखं नसतंय. उभ्या दिशेनं पडणारा हलका दाब हाडाला पाहिजेच असतो, पाय टेकला की हाडातल्या बारीक नळ्यांमधलं पाणी सरकतं, तिथल्या पेशींना ते कळतं आणि नवीन हाड घालायचं काम जोर धरतं. इंग्लंडमध्ये गुडशिप आणि केनराइट यांनी 1985 साली मेंढ्यांच्या मोडलेल्या नडगीला रोज थोडा वेळ जेमतेम 1 मिलिमीटर हालचाल दिली, तर एकदम घट्ट धरलेल्या हाडापेक्षा ते चांगलं जुळलं. पिळणं आणि आडवं सरकणं मात्र वाईट, म्हणून कुणी चोळून, ओढून देतो म्हणालं तर भावाला हात लावू देऊ नका!

मशीनचं म्हणाल तर अमेरिकेत त्याला 1994 लाच परवानगी मिळालीय, पण 2016 ला रॉड टाकलेल्या नडगीच्याच 501 पेशंटवर तपासलं तेव्हा काही फरक दिसला नाही, आणि पुढच्या वर्षी तज्ज्ञांनी वापरू नका असंच सांगितलं. ते भाडं फिजिओला द्या की. जिममधल्या थरथरणाऱ्या प्लेटवर तर अजिबात चढवू नका.

थोडं म्हणजे किती हे अंदाजानं कळत नाही. सर्जननी समजा 20 किलो सांगितलं, तर घरातला वजनकाटा दुखऱ्या पायाखाली, तेवढ्याच उंचीची फळी दुसऱ्या पायाखाली, वॉकर घट्ट धरून काटा 20 वर येईस्तोवर दाबायचं, चारदा केलं की पायाला अंदाज बसतो. दुखणं रोज वाढत चाललं, सूज लाल झाली, ताप आला तर थांबा आणि लगेच दाखवा. तंबाखू, सिगरेट असली तर आजच बंद, त्यानं हाड जुळायला हमखास उशीर होतो.

कुस्तीचं तुम्ही विचारलं नाही, पण तो विचारणारच! समोरून आणि बाजूनं काढलेल्या एक्स-रेत मिळून हाडाच्या चार कडा दिसतात, त्यातल्या निदान तीन जुळलेल्या दिसल्याशिवाय मातीत उतरायचा विषयच नको, आणि त्यानंतरही सर्जननी हो म्हटलं तरच.