जीआर तू स्वतः वाच

पोरी,

तुझा साडेसहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज रात्री ऐकला, सकाळी चहा पिताना परत ऐकला. रडत नव्हतीस, पण गळा दाटलेला कळत होता. परदेशी शिकायला जायच्या स्कॉलरशिपसाठी कोण म्हणतं केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीजला टाक, कोण म्हणतं राज्याची सोपी आहे, व्हिडिओवाले म्हणतात ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग टाक, कन्सल्टन्सीवाला म्हणतो पस्तीस हजार द्या, फॉर्मपासून व्हिसापर्यंत आम्ही बघतो. आणि शेवटी तू म्हणालीस, सर तुम्हीच सांगा कुठली भरू.

मी सांगणार नाही. राग आला तर येऊ दे. मला आधी एवढंच सांग की या तीनपैकी एका तरी योजनेचा मूळ कागद तू पहिल्या पानापासून शेवटच्या परिशिष्टापर्यंत वाचलायस का? व्हिडिओ नाही, ग्रुपवर फिरणारी इमेज नाही, सीनियरनं सांगितलेलं नाही. जीआर म्हणजे शासन निर्णय, गाइडलाइन, जी काय असेल ती. वाचला नसणार, कारण वाचला असतास तर तू नॅशनल ओव्हरसीज पहिल्या नंबरला ठेवलीच नसतीस.

का ते सांगतो. तुला ऊसतोड बायकांच्या स्थलांतरावर काम करायचंय. विषय तुझा आहे, तुझी मावशी कोयता घेऊन जाते, तुझ्याइतकं त्यावर कोण लिहिणार. पण केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयानं २०२२ साली गाइडलाइन बदलली आणि त्यात सरळ लिहिलं की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास हे विषय या स्कॉलरशिपमध्ये बसत नाहीत. एक वाक्य आहे फक्त. तुझा आख्खा विषय त्या एका वाक्यात बाहेर. मला तो नियम साफ चूक वाटतो, जातीवर आणि मजुरीवर परदेशात जाऊन अभ्यास करायचा हक्क सगळ्यात जास्त आपल्याच पोरांचा आहे असं मी तेव्हाही चारचौघांत बोललो आणि आजही बोलतो. तूही भांड त्याविरुद्ध. पण वाचून भांड. तीन महिने एसओपी, म्हणजे आपण का शिकायला जातोय ते सांगणारा निबंध, घासून, आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेची फी भरून, मग कुणीतरी फोनवर सांगितलं म्हणून कळायला नको.

आता म्हणशील, सर मग राज्याची राजर्षी शाहू महाराज योजना चालेल का माझ्या विषयाला? बघ, परत मलाच विचारतेयस. तो जीआर काढ आणि विषयाबद्दल त्यात काय लिहिलंय ते तू मला सांग.

हे मी एवढं ताणून का धरतो त्याला कारण आहे. पहिल्या वर्षी मी माझा फॉर्म दुसऱ्याच्या भरवशावर भरला. ओळखीचा एक जण होता, त्याच्या आधीच्या वर्षी त्याच्या भावाचा नंबर लागलेला, म्हणाला सगळं मागच्या वर्षीसारखंच आहे, तू फक्त कागद गोळा कर. मी केले. आबा साखर कारखान्यावर सीझनला काम करायचे, एक खाडा म्हणजे एका दिवसाचा पगार, तरी दोन दिवस खाडा करून माझ्यासोबत तहसीलला बसले उत्पन्नाच्या दाखल्यासाठी. दाखला मिळाला, फाइल गेली, आणि दोन महिन्यांनी अपात्र यादीत माझं नाव. शेरा होता, उत्पन्नाचा दाखला संबंधित आर्थिक वर्षाचा नाही. जाहिरातीत वर्ष स्पष्ट छापलेलं होतं. आम्ही त्याच्या आधीच्या वर्षाचा काढला होता, कारण मागच्या वर्षी तोच चालला होता.

घरी आलो. आबा अंगणात बाजेवर बसले होते, पायातून बूटसुद्धा काढले नव्हते. मी सगळं सांगितलं, ओळखीच्याला शिव्या घातल्या, ऑफिसला घातल्या. आबांना सही पलीकडं लिहिता वाचता यायचं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तू सोता वाचलतास का रं त्यो कागद?"

मी एम.ए. होतो. फर्स्ट क्लास. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढच्या वर्षी मिळाली, गेलो, शिकलो, आलो. पण ज्या प्राध्यापकांकडे मला काम करायचं होतं ते त्या एका वर्षात रिटायर झाले होते आणि मला दुसऱ्याच विषयाकडे वळावं लागलं. आज मी जे शिकवतो ते माझं पहिलं प्रेम नाही, हे तुला पहिल्यांदाच सांगतोय. एका दाखल्यावरचं एक साल. म्हणून म्हणतो, जीआर तू स्वतः वाच.

आणि मागच्या वर्षीचा नको, या वर्षीचा. या योजना बघता बघता बदलतात. शाहू महाराज योजना २००३ पासून आहे, वर्षाला ७५ जागा, क्यूएस या जगातल्या युनिव्हर्सिटींच्या रँकिंगमध्ये पहिल्या २०० च्या आतली युनिव्हर्सिटी लागते असं सगळ्यांना पाठ असतं, पण बाकीच्या अटी किती वेळा हलल्या बघ. २०२४ साली ७५ टक्के मार्कांच्या अटीवरून केवढा ओरडा झाला आठवतंय ना, तू तेव्हा शेवटच्या वर्षाला होतीस, पोरं रस्त्यावर आली आणि सरकारला मागे सरकावं लागलं. त्या मधल्या काळात ज्यांनी व्हिडिओ बघून आशा सोडली त्यांचं काय झालं? आणि ती पोरं रस्त्यावर आली ती जीआर वाचला होता म्हणूनच ना. कुणीतरी बसून तो वाचला, अटीवर बोट ठेवलं, मग आवाज उठला.

केंद्राचीच बघायची तर १२५ जागा, त्यातल्या ११५ अनुसूचित जातींना, ६ विमुक्त भटक्यांना, ४ भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांना. वय ३५ च्या आत, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत, ६० टक्के, युनिव्हर्सिटी पहिल्या ५०० मध्ये. मी हे पाठ म्हणून दाखवतोय ते तू लिहून घ्यायला नाही. हे सगळं एका पीडीएफमध्ये आहे, जी फुकट डाउनलोड होते, आणि कन्सल्टन्सीवाला त्याचेच पस्तीस हजार मागतोय एवढंच दाखवायला.

चेव्हनिंगचं पण तेच. ती ब्रिटिश सरकारची, एका वर्षाच्या मास्टर्सची, आणि त्यात २८०० तास कामाचा अनुभव लागतो, म्हणजे साधारण दोन वर्षं. तू तर गेल्या वर्षी पास झालीस. शिवाय शिकून झालं की दोन वर्षं मायदेशी परत यायची अट. हे त्यांच्या साइटवर स्पष्ट लिहिलंय गं! मग कुठली भरू हा प्रश्न उरतो कुठं? वाचलं की तीनातल्या दोन आपोआप गळतात. तुझा गोंधळ हा तुझ्या डोक्याचा दोष नाही, तू हुशार आहेस हे मला सांगायची गरज नाही, तो न वाचल्याचा गोंधळ आहे.

सरकारी मराठी अवघड असते मला माहितीय. "उपरोक्त", "तद्नंतर", "अनुज्ञेय राहणार नाही". मी पेन्सिल घेऊन बसायचो आणि प्रत्येक कलमासमोर माझ्या भाषेत लिहायचो, हे मला लागू, हे नाही, हे विचारायचं. दुसऱ्या वर्षी फाइल द्यायला गेलो तेव्हा काउंटरवरचे बाबू न बघताच म्हणाले, ऑफर लेटरची ईमेलची प्रिंट चालत नाही, ओरिजिनल आणा. बाहेर पाऊस, शेवटची तारीख, माझ्यामागे तीसेक पोरं. मी पिशवीतून जीआर काढला, पान उलटलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं, तिथं प्रत असं लिहिलेलं होतं. त्यांनी चष्मा वर केला, वाचलं, आणि शिक्का मारला. एक शब्द बोलले नाहीत. माझ्यामागची तीन पोरं त्याच ओळीवर त्या दिवशी पास झाली. काउंटरसमोर आपण हात जोडून उभे असतो कारण आपल्याला वाटतं ते देतायत. देत नाहीत ते, ठरलेलं आहे ते, छापलेलं आहे.

आपण बाबासाहेबांचं नाव घेतो, १४ एप्रिलला डीजे लावतो, मग हेही बघ ना. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी त्यांना महिना साडेअकरा पौंडांची स्कॉलरशिप दिली, तीन वर्षांसाठी, कोलंबियाला जायला. त्याबदल्यात दहा वर्षं बडोद्याची नोकरी, असा करार होता, सही करून गेले. मुदत संपली तेव्हा ते लंडनला होते, अभ्यास अर्धा राहिलेला, १९१७ साली परत यावं लागलं. त्यांचं सामान ज्या बोटीवर होतं ती टॉर्पेडोनं बुडाली, पुस्तकं गेली. पण येण्याआधी त्यांनी लंडन युनिव्हर्सिटीकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करता येईल अशी परवानगी घेऊन ठेवली होती. आणि १९२० ला साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत, मित्राकडून उसने, असं करून परत गेले आणि १९२३ ला डी.एस्सी. घेतली. मला त्यातली ती परवानगी सगळ्यात मोठी वाटते. माणूस अडचणीत होता, पैसा नव्हता, महायुद्ध चालू होतं, तरी नियमात आपल्यासाठी कुठं जागा आहे हे त्यांनी शोधलं आणि पदरात पाडून घेतलं. आज सारथीची, म्हणजे मराठा-कुणबी समाजासाठीच्या राज्य सरकारच्या संस्थेची, परदेशी स्कॉलरशिप सयाजीरावांच्याच नावानं आहे, आपली शाहू महाराजांच्या.

आता एक गोष्ट जी मी टाळत होतो.

कॉलेजात माझ्याबद्दल बोलतात की सर फॉर्म भरून देत नाहीत, स्वतःचं झालं, आता दुसऱ्याला शिकवतात. तुझ्याही कानावर आलं असेल. तीन वर्षांपूर्वी एक मुलगा यायचा, तुझ्यापेक्षा दोन बॅच पुढचा, नाव सांगत नाही. त्यालाही मी हेच म्हणालो, आधी वाचून ये, मग बोलू. तो दोनदा आला, न वाचता आला, दोन्ही वेळा मी परत पाठवला. तिसऱ्यांदा आलाच नाही. आता एका फायनान्स कंपनीत वसुलीला जातो, बसस्टँडवर दिसला की नमस्कार करतो आणि थांबत नाही. त्याला घेऊन मी तासभर बसलो असतो तर काय झालं असतं हा विचार माझ्या मनात येत नाही असं नाही. येतो. पण मी फॉर्म भरून दिला असता तर तो तिथं जाऊन काय करणार होता? तिथं भाड्याचा करार, युनिव्हर्सिटीचे नियम, व्हिसाच्या अटी, सगळं वाचायचंच असतं, आणि तिथं कुणी सर नसतात. मी बरोबर होतो. मला अजूनही वाटतं मी बरोबर होतो. फक्त त्याला म्हणायला हवं होतं की चल, पहिलं पान दोघं मिळून वाचू. ते मी म्हणालो नाही. तुला म्हणतोय.

तर वाचायला बसशील तेव्हा कुठं जास्त थांबायचं ते सांगतो. ऑफर लेटर. बिनशर्त ऑफर म्हणजे काय आणि तुझ्या हातात आहे ती कसली, हे शब्द न शब्द बघ, कारण अटी असलेली ऑफर घेऊन पोरं खूश होतात आणि नॅशनल ओव्हरसीजसारख्या ठिकाणी ती चालत नाही. मग तारखा. युनिव्हर्सिटी डिपॉझिट मागते आधी आणि सरकारचा निकाल लागतो नंतर, या मधल्या फटीत सगळ्यात जास्त पोरं पडतात. घाबरून आईचे दागिने गहाण टाकू नकोस, युनिव्हर्सिटीला मेल टाक की मी सरकारी स्कॉलरशिपची उमेदवार आहे, मुदत वाढवून द्या किंवा प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलता येईल का, विचारायला काही लागत नाही आणि पुष्कळ ठिकाणी ऐकतात. यूकेच्या व्हिसाला २८ दिवस खात्यात पैसे दाखवा म्हणून एजंट लोक कर्ज काढायला लावतात, पण सरकार तुझा पूर्ण खर्च करत असेल तर त्या सरकारचं पत्र चालतं, हे त्यांच्याच नियमात लिहिलंय. तेही तू वाच, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस.

एसओपी मला आत्ता पाठवू नकोस. तू पाठवलेला पहिला पॅरा मी वाचला, "लहानपणापासून मला समाजसेवेची आवड" वगैरे, तो कुणीतरी दिलेल्या नमुन्यातला आहे, तुझी मावशी त्यात कुठंच नाही. ते नंतर बघू.

या आठवड्यात एवढंच कर. दहावीचं सर्टिफिकेट, आधार, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्र, आणि पासपोर्ट, हे पाच कागद जमिनीवर शेजारी शेजारी मांड आणि वडलांच्या नावाचं स्पेलिंग पाचही ठिकाणी बोट ठेवून बघ. मला आठवतंय तुझ्या एका कागदावर एच जास्त आहे. असेल तर उद्याच हालचाल कर, त्याला वेळ लागतो.

आणि रविवारी दहा वाजता घरी ये. शाहू महाराज योजनेच्या या वर्षीच्या जीआरची आणि जाहिरातीची प्रिंट घेऊन ये, मोबाईलवर नको. झेरॉक्सवाल्याला सांग एकाच बाजूला काढ, म्हणजे मागच्या कोऱ्या बाजूला प्रश्न लिहिता येतात. पेन्सिल माझ्याकडे आहे. मोठ्यानं तू वाचायचं, मी ऐकणार.

तुझा,
सर