'कोणासोबत?' नावाचा रकाना

"मॅडम, पैसे जातात कुठे तेच कळत नाही."

मी विद्यार्थ्यांची समुपदेशक. सत्र सुरू होऊन दोनेक महिने झाले की हे वाक्य माझ्याकडे हमखास येतं. कुणी हसत सांगतं, कुणी रडवेलं होऊन. काही मुलं झोप लागत नाही म्हणून येतात आणि खरी गोष्ट तिसऱ्या भेटीत बाहेर पडते. अलीकडे असे तिघं पाठोपाठ आले, म्हणून एका जुन्या मुलाची हकिगत सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

मुलगा दुसऱ्या वर्षाला, वसतिगृहात राहणारा. घरून पहिल्या तारखेला पैसे यायचे, सोळाला खातं रिकामं. उरलेला महिना क्रेडिट कार्डावर. बिल आलं की 'किमान देय रक्कम' तेवढी भरायची आणि सुटलो म्हणायचं.

"एकूण देणं किती?"

"नक्की नाही पाहिलं."

"का?"

"पाहायला गेलं की पोटात गोळा येतो."

मग माझ्यासमोरच त्याला आकडा बघायला लावला. घरून येणाऱ्या रकमेच्या सव्वादोन पट निघाला. व्याज दरमहा 3 टक्के. "म्हणजे वर्षाला 36," तो म्हणाला. व्याजावर व्याज धरलं तर 42.6 होतात. 72 ला दराने भागलं की रक्कम किती काळात दुप्पट होईल याचा अंदाज येतो, म्हणजे इथे 24 महिने. पदवी हातात येईपर्यंत काहीच नाही भरलं तर देणंही दुप्पट. किमान रक्कम भरल्याने दंड टळतो, व्याज नाही. शिवाय बहुतेक कार्डांवर मागची बाकी राहिली की नव्या खरेदीलाही लगेच व्याज लागू होतं. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तो वाणिज्य शाखेचा होता, हे जाता जाता.

आता इथे कुणीही म्हणेल, खर्च लिहून ठेव. गंमत अशी की तो लिहीत होता. मोबाइलमध्ये अ‍ॅप, त्यात रंगीत चक्र, प्रवास, वह्या-पुस्तकं, फोन असे कप्पे. सगळ्यांत मोठा कप्पा 'इतर'. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचा तोच मोठा असतो.

मी म्हटलं, "पुढचे पंधरा दिवस कशावर खर्च केलास ते लिहू नकोस. कोणासोबत होतास तेवढं लिही. एकटा असशील तरच कशावर तेही."

ही युक्ती मला कुठल्या पुस्तकात सापडलेली नाही. वर्षानुवर्षं मुलांच्या वह्या चाळताना सुचली, आणि ती माझी आहे याचं मला थोडं कौतुक आहे, नाही म्हणत नाही.

पंधरा दिवसांनी तो वही घेऊन आला आणि बराच वेळ ती उघडेचना. शेवटी माझ्याकडे सरकवली. पान भरून चार मित्रांची नावं, त्यातलं एक नाव तर अकरा वेळा. 'एकटाच' या शब्दापुढे दोन नोंदी, दोन्ही छायाप्रतींच्या.

"तुला काय दिसतंय?"

"मी उधळ्या नाहीये."

"मग?"

तो खिडकीकडे बघत राहिला. मी घड्याळाकडे पाहिलं नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प बसावं, हे शिकायला मला दहा वर्षं लागली. मग तो हळूच म्हणाला, "मला 'परवडत नाही' म्हणता येत नाही."

हिशेब त्याला येतच होता, अडलं होतं एका वाक्यावर. अशा मुलाला अंदाजपत्रकाचा तक्ता देणं म्हणजे पोहायला घाबरणाऱ्याला पाण्याची खोली मोजून देणं.

"समजा म्हणालास, तर काय होईल?"

"हसतील. पुढच्या वेळी बोलावणार नाहीत."

"आणि तसं झालं तर?"

"तर... संपलंच ना."

या 'संपलंच'वर आम्ही तीन भेटी घालवल्या. मी अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेने जाणारी. 1955 पासून ते हेच मांडत आले की प्रसंगापेक्षा त्याबद्दलच्या आपल्या समजुती माणसाला जास्त छळतात. एकोणिसाव्या वर्षी ते स्वतः मुलींशी बोलायला घाबरायचे. म्हणून न्यूयॉर्कच्या एका बागेत महिनाभर जाऊन, बाकावर बसलेल्या शंभरेक अनोळखी स्त्रियांशी ते मुद्दाम बोलले. भेटायचं फक्त एकीने कबूल केलं, तीही आली नाही. पण भीती गेली. हे सांगितल्यावर तो पहिल्यांदा मनापासून हसला. मग गृहपाठ ठरला: आठवड्यात तीनदा, सबब न सांगता, 'आत्ता परवडत नाही' म्हणायचं. 'अभ्यास आहे' चालणार नाही, 'बरं नाही' तर नाहीच नाही.

पुढच्या भेटीत विचारलं, "काय झालं?"

"एकजण हसला. कंजूस म्हणाला. मग सगळे गेले, मी खोलीवर राहिलो."

"कसं वाटलं?"

"तासभर फार वाईट."

"मग?"

"मग झोप लागली."

या उत्तरावर मी मनातल्या मनात टाळी दिली. मित्रांनी समजून घेतलं असतं तर तो मित्रांवर विसंबला असता. ते हसले आणि तरीही तो सकाळी उठला, हे त्याचं त्यालाच कळायला हवं होतं.

कामाचे तक्ते त्यानंतर आले आणि फार वेळ लागला नाही. पैसे आले की त्याच दिवशी भाडं, फी, प्रवास आणि देण्याचा हप्ता वेगळा काढायचा. उरलेल्याचे चार नव्हे, पाच भाग करायचे. चार आठवड्यांचे चार. पाचवा महिन्याच्या उरलेल्या दोन-तीन दिवसांसाठी आणि अचानक येणाऱ्या खर्चासाठी. आठवड्याचा भाग शक्यतो रोख. प्रेलेक आणि सिमेस्टर या संशोधकांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना सामन्याच्या तिकिटांवर बोली लावायला सांगितली होती. कार्डाने पैसे द्यायचे ठरलेल्यांची बोली रोखवाल्यांच्या दुपटीहून थोडी जास्तच निघाली. नोट मोडताना हात अडखळतो, त्या अडखळण्याचा फायदा घ्यावा.

देण्यांमध्ये सर्वांत जास्त व्याजाचं आधी फेडावं. त्याला मात्र मित्राची बिनव्याजी उसनवारी आधी द्यायची होती, कारण लाज तिथे जास्त होती. मी सुचवलं, मित्राला तारीख सांग आणि ती पाळ, जादा पैसा कार्डाकडे जाऊ दे. एक कर्ज फेडायला दुसरं काढू नये, हेही निक्षून सांगितलं. दुसऱ्याचा दर खरोखर कमी असेल आणि पहिलं कार्ड बंद होणार असेल, तरच अपवाद.

घरी सांगताना आधी आकडा सांगावा, मग फेडण्याचा बेत, माफी शेवटी. मुलं नेमकं उलटं करतात. अर्धा तास माफी चालते आणि तोवर आईवडिलांच्या मनात आकडा चौपट झालेला असतो. त्याच्या वडिलांनी फोनवर एवढंच विचारलं, "हप्ता किती बसतो?"

शेवटच्या भेटीला आला तेव्हा पाच हप्ते बाकी होते. अकरा वेळा आलेलं नाव वहीत चारदा होतं. 'एकटाच'पुढे एक नवी नोंद होती, चष्म्याची. गेलं वर्षभर तो काडीला चिकटपट्टी लावून वापरत होता, आणि इतक्या भेटींत ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं.