सीनिअर इंजिनिअरने अजून स्वतः कोड लिहायला हवा का?

तुम्ही विचारलंय की बारा वर्षांच्या अनुभवानंतर दिवस डिझाइन, मीटिंग आणि रिव्ह्यूमध्येच जातो, मग स्वतः कोड लिहिता येणं अजून गरजेचं आहे का. माझ्या मते आहे. तुम्ही घेतलेला निर्णय कोडमध्ये उतरल्यावर काय होतं, हे तुम्हाला स्वतःला दिसायला हवं. किती ओळी लिहिता, याला फार महत्त्व नाही.

मधली जवळपास दोन वर्षं मी कोडला हात लावला नव्हता. तेव्हा एका डिझाइनमध्ये मी लिहिलं की एका सर्व्हिसने दुसरीला केलेला कॉल फसला तर एकूण तीनदा प्रयत्न करावा. सगळ्यांना पटलं. रिक्वेस्ट एकामागून एक तीन सर्व्हिसमधून डेटाबेसपर्यंत जायची, आणि प्रत्येक टीमने आपापल्या ठिकाणी तीन प्रयत्न घातले. एके रात्री डेटाबेस मंदावला, उत्तर वेळेत न आल्याने टाइमआउट सुरू झाले आणि एका क्लिकमागे २७ पर्यंत क्वेरी जाऊ लागल्या. आधीच धापा टाकणारा डेटाबेस पार बसला. माझ्या आकृतीत फक्त तीन बाण होते, त्यांत हा गुणाकार कुठेच दिसत नव्हता. तो लूप मी स्वतः लिहिला असता, तर पलीकडेही असाच लूप आहे का, हे बघायला नक्की गेलो असतो. शेवटी रिट्राय, म्हणजे पुन्हा प्रयत्न, फक्त सगळ्यात वरच्या सर्व्हिसमध्ये ठेवला, प्रत्येक वेळी थांबण्याचा वेळ वाढवत. पण मूळ कारण लॉग (सर्व्हिसच्या नोंदी) वाचून शोधलं एका ज्युनिअर सहकारी मुलीने. माझ्या मशीनवर तेव्हा प्रोजेक्ट बिल्डसुद्धा होत नव्हता, आणि ती गोष्ट मला अजून टोचते.

इतरांच्या कोडचा रिव्ह्यू तर करतोच, असं तुम्ही म्हणाल. इंटरनेटवरचा संवाद सुरक्षित करणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीतला हार्टब्लीडचा दोष आठवा. समोरून आलेल्या संदेशात सांगितलेली त्याची लांबी खरी आहे का हे न तपासताच मेमरी कॉपी होत होती, आणि एका वेळी ६४ केबीपर्यंतचा मजकूर बाहेर जाऊ शकत होता. तो बदल २०११ च्या अखेरीस रिव्ह्यू होऊनच आत गेला आणि त्यातला दोष एप्रिल २०१४ मध्ये जगासमोर आला. जाणकार डोळ्यांखालूनही अशा गोष्टी निसटतात, मग सवय सुटलेल्या डोळ्यांचं काय? आता एआय टूल मिनिटाभरात नीटनेटका दिसणारा कोड देतात, त्यामुळे बारकाईने वाचायचं काम वाढलंच आहे.

लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) सुरू करणारे लिनस टोरवाल्ड्स स्वतः सांगतात की ते आता फारसा कोड लिहीत नाहीत, त्यांचा वेळ मेल वाचण्यात आणि इतरांचे बदल मर्ज करण्यात जातो. पण त्यांचा कर्नलच्या कोडशी संबंध तुटलेला नाही. नुसत्या स्लाइड बघणाऱ्याची त्यांच्याशी तुलना होत नाही.

अल्गोरिदमची कोडी सोडवत बसायची गरज नाही. रिलीझ ज्यावर अडेल असं काम मात्र अंगावर घेऊ नका, कारण तुमच्या मीटिंगपायी टीम खोळंबते. छोटे बग, टेस्ट, डिझाइनआधीचा कच्चा प्रोटोटाइप, ऑन-कॉलची (सिस्टिम बिघडली तर धावून जायची) पाळी, यांतलं काहीतरी दर आठवड्याला करा. सुरुवात म्हणून उद्या रेपो (प्रोजेक्टच्या कोडचा साठा) आपल्या मशीनवर नव्याने क्लोन करा आणि कुणालाही न विचारता टेस्ट चालवून बघा. जिथे अडाल, तिथलं रीडमी (प्रोजेक्टची माहितीची फाइल) दुरुस्त करून त्याचा पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल सामावून घेण्याची विनंती, टाका.